कानांनीं वाचणारा विद्यार्थी

रेडिओवर बोलणारावर एक बंधन आपोआपच येऊन पडतें. वर्गांतला शिक्षक फळ्याकडे बोट दाखवून ‘हें पाहा’ म्हणूं शकतो, सभेंतला वक्ता हातवाऱ्यांनीं अर्धें काम भागवितो. परंतु येथें बोलणारानें ‘हें असें’ म्हटलें, तर श्रोत्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. जें सांगावयाचें तें नांव घेऊन, क्रम लावून आणि मनांत चित्र उभें राहील अशा रीतीनें सांगावें लागतें. आज ज्या विद्यार्थ्यांविषयीं मी बोलणार आहें, त्यांच्या दृष्टीनें संगणकावरचा प्रत्येक पाठ हा असा रेडिओवरचाच पाठ असतो. दुर्दैव इतकेंच कीं, तो पाठ रचणाराला हें ठाऊक नसतें.

अंध मनुष्य संगणक किंवा मोबाईल वापरतो तरी कसा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचें उत्तर स्क्रीन-रीडर हें होय. मराठींत आपण त्याला ‘पडदावाचक’ म्हणूं. हा एक संगणकीय कार्यक्रम असून पडद्यावरचा मजकूर तो मोठ्यानें वाचून दाखवितो. जोडीला ब्रेलची पट्टी असल्यास तोच मजकूर ठिपक्यांच्या रूपानें बोटांखालीं उमटवितो. ऐकणारा माऊस वापरीत नाहीं, कारण पडद्यावरचा बाण कोठें आहे हें त्याला दिसत नाहीं. तो कळफलकावरील टॅब, एंटर व बाणांच्या कळा यांनीं पुढें-मागें सरकतो. एक कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातो. मोबाईलवर तो बोट आडवें फिरवून एकेक गोष्ट ऐकतो आणि दोनदां टिचकी मारून हवी ती उघडतो. सरावलेले वाचक इतक्या वेगानें ऐकतात कीं, शेजारीं बसलेल्या माणसास त्यांतला एक शब्दही उमजूं नये.

आरंभीं हीं साधनें फार महाग होतीं. सन २००६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें एन. व्ही. डी. ए. या नांवाचा पडदावाचक लिहावयास घेतला, आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. डोळस मनुष्याला पडदा पाहण्याचे निराळे पैसे पडत नाहींत, मग अंधाला ते कां पडावे, हा त्यांमागचा साधा विचार. आज तो कार्यक्रम कोणालाही विनामूल्य मिळतो. अँड्रॉइड मोबाईलमध्यें बहुधा ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्यें ‘व्हॉइसओव्हर’ हे वाचक आयतेच असतात. मराठी बोलणारे संगणकीय आवाजही उपलब्ध आहेत. तेव्हां शिरोळ तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत राहणाऱ्या अंध मुलाच्या हातीं साधा मोबाईल आला, तरी वाचनाचें साधन त्याच्या खिशांत आलें असें म्हणावयास हरकत नाहीं. अडचण सुरू होते ती त्यापुढें.

ही अडचण समजण्यासाठीं थोडें मागें पाहिलें पाहिजे. मुंबईस अंध मुलांसाठीं शाळा निघाली ती सन १९०० मध्यें, ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंच्या पुढाकारानें. हीच पुढें दादरची कमला मेहता अंधशाळा झाली. भारतीय भाषांसाठीं एकच अशी भारती ब्रेल पद्धति सन १९५१ मध्यें मान्य झाली. यानंतर कित्येक वर्षें अंध विद्यार्थ्याची गरज मुख्यतः एकच होती : छापील पुस्तक कोणीतरी ब्रेलमध्यें उतरवून द्यावें किंवा ध्वनिमुद्रित करून द्यावें. काम कष्टाचें व वेळखाऊ होतें, पण तें एकदां पुरें झालें कीं पुस्तक वाचकाचें होई. पुस्तक त्याला उलट कांहीं विचारीत नसे.

आतांचा संगणकावरचा पाठ मात्र विचारतो. तो नुसता वाचावयाचा नसतो. त्याच्याशीं संवाद करावयाचा असतो. योग्य पर्याय निवडा, शब्द उचलून रिकाम्या जागीं ठेवा, चित्रांतील खुणेवर बोट लावा, चित्रफितीच्या मध्येंच आलेल्या प्रश्नाचें उत्तर द्या, असें त्याचें स्वरूप असतें. अशा पाठाला आपण संवादी पाठ म्हणूं. मुलांचें मन त्यांत रमतें, चूक तेथल्या तेथें कळते, हा त्याचा मोठाच गुण आहे. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ हे दोन्ही उपक्रम सन २०१७ मध्यें सुरू झाले, आणि मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां पाठ मोबाईलवरूनच घरोघर गेले. त्या वेळीं एक गोष्ट उघड झाली. ज्या मुलाला पडदा दिसत नाहीं, त्याच्यासाठीं पुस्तकापेक्षां हा बोलका-चालता पाठच अधिक मुका ठरूं शकतो.

एक उदाहरण घेऊं. शिरोळ हा नद्यांचा तालुका. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या चौघींचें पाणी या भागाला लागतें. समजा, भूगोलाच्या एका शिक्षकानें या नद्यांवर संवादी पाठ रचला. पडद्यावर नकाशा आहे. खालीं चार चौकटींत चार नांवें आहेत. प्रत्येक नांव माऊसनें उचलून आपापल्या नदीवर नेऊन सोडावयाचें. बरोबर जागीं पडलें तर चौकट हिरवी होते, चुकलें तर लाल. वर कोपऱ्यांत साठ सेकंदांचें घड्याळ चाललेलें आहे.

आतां हाच पाठ आपल्या अंध विद्यार्थ्यानें उघडला. पडदावाचक म्हणतो, ‘चित्र’. कशाचें चित्र, तें कोणी लिहूनच ठेवलेलें नाहीं. तो पुढें सरकतो. वाचक म्हणतो, ‘बटण’. पुन्हां ‘बटण’. मग कांहींच नाहीं. चार नांवें पडद्यावर ठळक दिसत असतात, पण तीं चित्रांत रंगविलेलीं असल्यामुळें वाचकाच्या लेखीं तेथें अक्षरच नाहीं. कळफलकानें नांव उचलतां येत नाहीं. उचललें असें घटकाभर मानलें, तरी तें कोठें सोडावयाचें हें कळत नाहीं. रंग बदलला तो ऐकूं येत नाहीं. इतक्यांत साठ सेकंद संपतात आणि पाठ निकाल देतो : शून्य.

श्रोतेहो, हें शून्य कशाचें? ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यानें या तालुक्यांत काढला, नरसोबाच्या वाडीस दक्षिणद्वार झाल्याची वार्ता आली म्हणजे पाणी किती चढलें असेल हें जो घरबसल्या ओळखतो, त्या मुलाला पंचगंगा कृष्णेला कोठें मिळते हें ठाऊक नाहीं असा हा निकाल आहे. त्याच्या ज्ञानाची परीक्षा झालीच नाहीं. डोळ्यांनीं नेम धरून हात हलवितां येतो कीं नाहीं याची परीक्षा झाली. भूगोलाच्या पाठाला तें पाहावयाचें नव्हतें. आणि हें शून्य नुसतें मनाला लागून संपत नाहीं. तें गुणपत्रिकेंत उतरतें, पुढच्या प्रवेशाच्या आड येतें, आणि ‘या मुलाला हें जमावयाचें नाहीं’ अशी शिक्षकाची व पालकांचीही समजूत करून देतें.

हा दोष दूर करणें अवघड आहे काय? मुळींच नाहीं. पडदावाचक चित्राकडे पाहून तर्क करीत नाहीं. पानाच्या पोटांत जें लिहून ठेवलें असेल तेंच तो मुख्यतः वाचतो. म्हणून पाठांतील प्रत्येक हलत्या-बोलत्या गोष्टीविषयीं तीन गोष्टी तेथें लिहिलेल्या असाव्या लागतात : तिचें नांव काय, ती काम काय करते, आणि ती आतां कोणत्या स्थितींत आहे. ‘पंचगंगा, निवडीचें बटण, निवडलेलें नाहीं’ एवढें वाक्य ऐकूं आलें कीं अंध विद्यार्थ्याला पुढचें सांगावें लागत नाहीं. खरेंखुरें बटण वापरलें, तर यांतलें पुष्कळसें आपोआपच साधतें. बटणासारखी दिसणारी नुसती चौकट रंगविली, तर यांतलें कांहींच साधत नाहीं. पाहणाराला दोन्ही सारख्याच दिसतात. ऐकणाराला एक दार असतें आणि दुसरी भिंत.

मग नकाशाचा पाठ कसा करावा? उचलून ठेवण्याची क्रिया ज्यांना आवडते त्यांच्यासाठीं ती खुशाल राहूं द्यावी; पण तिच्याच जोडीला प्रत्येक प्रश्नापुढें नांवांची यादी द्यावी, म्हणजे कळफलकानें निवड करतां येईल. नकाशाचें वर्णन शब्दांत द्यावें : ‘मुख्य नदी वायव्येकडून येऊन आग्नेयेकडे वाहते. प्रवाहाच्या दिशेनें जातां तिला पहिली नदी सांगलीजवळ हरिपूर येथें, दुसरी नरसोबाच्या वाडीस आणि तिसरी सीमेच्या बाजूस मिळते.’ असें वर्णन उत्तर सांगून टाकीत नाहीं; डोळस मुलाला नकाशा जेवढें सांगतो, तेवढेंच तें सांगतें. निकाल रंगाबरोबर शब्दांतही द्यावा, आणि तो पडदावाचकाकडून आपोआप उच्चारला जाईल अशी खूण पानांत करावी. घड्याळ अवश्य नसेल तर काढून टाकावें. अवश्य असेल तर वेळ वाढविण्याची सोय ठेवावी, कारण कानांनीं पाहणी करावयास डोळ्यांपेक्षां अधिक अवधि लागतो. चित्रफीत मध्येंच थांबून प्रश्न आला, तर वाचकाचें लक्ष त्या प्रश्नावर नेऊन ठेवावें, आणि उत्तर दिल्यावर जेथून तो उठला तेथेंच त्याला परत आणावें. नाहींतर पुढें चित्रफीत बोलत राहते, मागें प्रश्न पडून राहतो, आणि मूल दोहोंच्या मध्यें हरवतें.

चित्राचें वर्णन करणें हीही एक विद्याच आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचें छायाचित्र इतिहासाच्या पाठांत आहे असें समजा. ‘मंदिराचें चित्र’ असें लिहिल्यानें कोणाचें ज्ञान वाढतें? ‘स्वर्गमंडप, कोरीव खांबांच्या वर्तुळावर उभा, छताच्या मध्यभागीं मोठें गोल उघडें आकाश, आणि त्याच्या बरोबर खालीं जमिनींत गोल शिळा’ असें लिहिलें, तर त्या मंडपाला स्वर्गमंडप कां म्हणतात हें अंध मुलालाही उमगतें, आणि डोळस मुलानेंही जें सहज पाहिलें नसतें तें तो पाहूं लागतो. जें चित्र केवळ शोभेचें असेल, त्याला मात्र रिकामें वर्णन द्यावें, म्हणजे वाचक तें मुकाट्यानें ओलांडून जाईल. प्रत्येक वेलबुट्टीचें वर्णन ऐकावें लागणें हीही एक शिक्षाच होय.

आपल्या भाषेपुरत्या दोन अडचणी निराळ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली लिपीची. मुद्रणासाठीं तयार झालेले कित्येक जुने मराठी टंक असे आहेत कीं, पडद्यावर देवनागरी दिसतें, पण आंत रोमन अक्षरांचे संकेत असतात. असा मजकूर पडदावाचक वाचूं लागला कीं अर्थहीन अक्षरांचा कचरा कानांवर पडतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत टंकलिखित केलेला मजकूर मात्र नीट वाचला जातो. पुस्तकाच्या पानांचीं नुसतीं छायाचित्रें काढून पाठांत घालणें हेंही त्याच जातीचें. तेथें अक्षर नसून अक्षराची सावली असते. दुसरी अडचण भाषेच्या खुणेची. हें पान मराठी आहे असें पानाच्या आरंभीं संगणकाला सांगावें लागतें. तें न सांगितल्यास तो कधीं इंग्रजी, तर कधीं हिंदी आवाजांत वाचतो. मग गणिताच्या पाठांतील ४५ हा आंकडा ‘पंचेचाळीस’ न होतां ‘पैंतालीस’ होतो, आणि दुसरीचें मूल गोंधळून जातें. ही खूण म्हणजे अवघीं दोन अक्षरें. परंतु तीं नसलीं तर सगळा पाठ परक्या तोंडानें बोलतो.

यावर एक आक्षेप हटकून येतो. मूठभर मुलांसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यांच्यासाठीं एक साधा निराळा पाठ करून दिला म्हणजे झालें! पहिली गोष्ट अशी कीं, ही मूठ लहान नाहीं. सन २०११ च्या जनगणनेंत भारतांत दृष्टिदोषाची नोंद असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. दुसरी गोष्ट निराळ्या पाठाची. मूळ पाठ दर वर्षीं सुधारतो, निराळा पाठ पहिल्या वर्षाच्याच जागीं राहतो. वर्गांतलीं इतर मुलें जो खेळ खेळतात, त्यांत या मुलाला जागा नसते. तो एका कोपऱ्यांत आपला सोपा, शिळा पाठ ऐकत बसतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, या सुधारणांचा लाभ एकट्या अंधाला होत नाहीं. हात कांपणाऱ्या मुलाला नांव उचलून ठेवणें जमत नाहीं, त्याला यादी उपयोगी पडते. लाल-हिरवा भेद न कळणाराला शब्दांतला निकाल उपयोगी पडतो. खेड्यांत जेथें चित्र उतरावयास वेळ लागतो, तेथें त्याचें वर्णन आधीं पोंचतें. मोतीबिंदु झालेले आजोबा नातवाचा अभ्यास घेऊं लागले, तर त्यांनाही मोठें अक्षर व स्पष्ट मथळे हवेच असतात.

खर्चाविषयीं म्हणाल, तर तो काम केव्हां करावें यावर अवलंबून आहे. घर बांधतांना दार रुंद ठेवावयास फारसें कांहीं लागत नाहीं. घर पुरें झाल्यावर भिंत फोडणें मात्र महाग पडतें. पाठ रचण्याचीं जीं तयार साधनें शिक्षक वापरतात, त्यांतील कांहीं पाठप्रकार पडदावाचकाला अनुकूल असतात व कांहीं नसतात. साधन निवडण्यापूर्वीं एवढी चौकशी केली, तरी पुढचें पुष्कळ काम वांचतें.

शिवाय ही गोष्ट आतां केवळ दयाबुद्धीवर सोडलेली नाहीं. जागतिक जाळ्याचे नियम ठरविणाऱ्या संस्थेनें सुगमतेचे पहिले नियम सन १९९९ मध्यें प्रसिद्ध केले, त्यांची २.२ ही आवृत्ति ऑक्टोबर २०२३ मध्यें निघाली, आणि ओढून नेण्याच्या प्रत्येक क्रियेला सोपा पर्याय असावा असा नियम तींत नव्यानें आला. भारतांत सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें संगणकीय माहितीची सुगमता हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. शिक्षण मंत्रालयानें सन २०२१ मध्यें अशा मुलांसाठीं ई-पाठ कसे असावे याचे निर्देश काढले. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, आम्लहल्ल्याला बळी पडलेल्या व्यक्ती व एक अंध वकील यांच्या अर्जांवर निकाल देतांना, डिजिटल सेवा वापरतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. कायदा दार उघडण्याची आज्ञा देतो. दाराची कडी मात्र पाठ रचणाराच्याच हातीं असते.

आमच्या कोल्हापूर भागाला ही भाषा नवी वाटूं नये. राजर्षि शाहू छत्रपतींनीं सन १९१७ मध्यें आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा कायदा केला. शाळा नुसती असून भागत नाहीं, मूल तिच्या आंत आलें पाहिजे, हें त्या कायद्याचें मर्म होतें. आज शाळेची एक भिंत पडद्याची झाली आहे. तेव्हां आंत येणें म्हणजे काय, याचा विचार आपणांस नव्यानें करावा लागेल.

श्रोत्यांपैकीं जे शिक्षक असतील, ज्यांचीं मुलें-मुली पाठ तयार करणाऱ्या कचेऱ्यांत काम करीत असतील, किंवा ज्यांच्या घरीं मूल मोबाईलवर अभ्यास करीत असेल, त्या सर्वांना एक सोपी परीक्षा सुचवितों. एखादा पाठ घ्या आणि माऊस बाजूला ठेवा. केवळ कळफलकानें तो आरंभापासून शेवटपर्यंत पुरा होतो का, तें पाहा. नंतर पडदावाचक सुरू करून पडद्याचा उजेड अगदीं मंद करा आणि तोच पाठ पुन्हां सोडवा. जेथें आपण अडाल, तेथें दोष आहे. एवढ्यानेंही काम पुरें होत नाहीं; शेवटीं ज्याचें तें रोजचें साधन आहे अशा अंध व्यक्तीस पाठ तपासावयास द्यावा, आणि त्या श्रमाचें योग्य मोल तिला द्यावें. उपकार म्हणून सल्ला मागूं नये. तपासणीचा दाखला देणारीं यंत्रें पुष्कळ आहेत, परंतु चित्राचें वर्णन लिहिलेलें आहे एवढेंच यंत्राला कळतें. तें उपयोगी आहे कीं नाहीं, हें ऐकणारालाच कळतें.

आणि असा पाठ सांपडला कीं जो आपल्या मुलाला सहज सुटतो पण पडदावाचकाला मुका आहे, तर तो रचणाराला दोन ओळी अवश्य लिहाव्या : कोणत्या पानावर, कोणत्या प्रश्नाला, वाचक काय बोलला आणि काय बोलावयास हवें होतें. तक्रार जितकी नेमकी, तितकी दुरुस्ती लवकर होते. अंध विद्यार्थ्यानें हें एकट्यानें लिहावें अशी अपेक्षा करणें बरें नाहीं; अडलेला तो असला, तरी अडविणारी भिंत आपण सर्वांनीं मिळून बांधलेली आहे. पुढच्या परीक्षेंत त्याला गुण किती पडतील हें त्याच्या अभ्यासावर ठरूं द्या. प्रश्न त्याच्या कानांपर्यंत पोंचविणें, एवढें काम आपलें आहे.